शेवटच्या बंगल्यातली चूल

खंडेराव जेवायला बसले आणि दोन घास खाऊन ताट सारून उठले, तेव्हाच रंगूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती हो! या आमटीसाठी हा माणूस एकेकाळी रविवार कारंजाच्या चौकापासून घरापर्यंत जवळजवळ धावत यायचा.

"भूक नाही," ते म्हणाले. "दुपारी जेवलो की माळावर."

"कुणी वाढलं?"

"कुणी म्हणजे? तूच नाही का!" असं म्हणून ते हात धुवायला गेले.

चेष्टा असेल, अशी रंगूबाईंनी मनाची समजूत घातली. पण चेष्टा आणि खंडेराव यांची कधी गाठ पडलेली कुणी पाहिली नव्हती. हा माणूस जे बोलायचा ते खरंच बोलायचा, आणि म्हणूनच चौतीस साली अख्खं नाशिक त्याला वेडा म्हणत होतं.

गोदावरीकाठच्या बोळात, खिडकी नसलेल्या खोलीत खंडेरावांचं लहानपण गेलं. प्लेगाने त्याच खोलीत आई नेली, पाठचा भाऊ नेला. तेव्हापासून या माणसाला उजेडाचं वेड लागलं ते लागलंच. गंगापूरच्या रस्त्याला ओसाड माळ घेतला, चुन्याची फक्की टाकून सरळसोट रस्ते आखले, खोलीखोलीला समोरासमोर खिडक्या ठेवल्या. गावात लोक टाळ्या देऊन हसायचे. "खंडेराव कोल्ह्यांसाठी बंगले बांधतोय!" पाठीशी उभ्या राहिल्या त्या एकट्या रंगूबाई. आणि का नाही राहणार? पोटी मूल नाही म्हणून भाऊबंदांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा याच माणसाने भर पंक्तीत सांगितलं होतं, "माझ्या घरात एकच चूल पेटेल." त्या एका वाक्यावर रंगूबाईंनी पुढचा सगळा संसार केला.

बंगले उभे राहिले, पण गिऱ्हाईक फिरकेना. माळावरच्या कोऱ्या वास्तूत पहिला पाय कोण टाकणार? मग खंडेरावांनी तोड काढली. प्रत्येक बंगल्यात रंगूबाईंनी चूल पेटवायची आणि दूध उतू घालायचं. मालकिणीच्या हातचं दूध उतू गेलं म्हटल्यावर घर कोरं कसलं! रीतीप्रमाणे त्या रात्री घरात कुणीतरी निजायला हवं, नुसती चूल पेटवून वास्तू रिकामी टाकली तर ती चूल आपली मालकीण धरून ठेवते, असं म्हणतात. रंगूबाईंनी तसं सांगून पाहिलं.

"अगं, इतक्या घरांत तू कुठे कुठे निजणार?" खंडेराव म्हणाले. कुलपं लागली आणि दोघं टांग्यात बसून घरी आली.

युक्ती मात्र लागू पडली. वर्षभरात बंगले भरले. राहिला तो नाल्याकडचा शेवटचा. गिऱ्हाइकं येत, मागं लागत, पण खंडेराव काही तो देईनात.

आमटीच्या त्या दिवसानंतर रंगूबाईंचं लक्ष नको तिथे जायला लागलं. उपरण्याला ओल्या हळदीची बोटं दिसली. सदऱ्याचं तुटलेलं बटण माळावरून लावून आलं. त्यांनी टाका निरखून पाहिला. गाठ वरच्या अंगाला होती. अशी उफराटी गाठ मारायची खोड दिंडोरीला माहेरी असल्यापासून फक्त त्यांची. आई त्यावरून बोटावर चापट मारायची.

मग एके दिवशी भांडी घासता घासता फुलाबाई म्हणाली, "बाईसायेब, काल माळावं लय हाका मारल्या तुमाला. वळूनबी पायलं नाय. एवढा कशाचा राग?"

आदला दिवसभर रंगूबाई घरात पापड लाटत होत्या.

"माझ्यासारखी दिसली असेल कुणी," त्या म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण हातातली परात खाली ठेवताना वाजली.

आणि खंडेराव? ते भांडत नव्हते, टाकून बोलत नव्हते. तसं असतं तर बरं होतं, रंगूबाईंनीही चार शब्द ऐकवले असते. ते उलट फार अदबीने वागायला लागले. ओसरीवर अंग चोरून बसायचे. आत येताना दाराशी खाकरायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "थोडं पाणी देता का? तुम्हाला उगीच त्रास."

जन्मभर 'अगं' म्हणणारा नवरा! रंगूबाईंनी ओळखलं. सवत आणली, दुसरं काय! आपल्यासारखी दिसणारी कुणी भवानी शोधली आणि त्या शेवटच्या बंगल्यात नेऊन ठेवली. सोडायची नाही तिला. झिंज्या धरून रस्त्यावर ओढायची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी टांगा केला.

माळावर ऊन रणरणत होतं. शेवटच्या बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीला महेबूब मिस्त्री गिलावा करत होता. रंगूबाईंना बघून त्याच्या हातातली थापी गळून पडली.

"या अल्ला! बाईसाहेब, तुम्ही तर आत्ताच आत गेलात. भाजी घेऊन."

"आत कोण राहतं, महेबूब? खरं सांग."

त्याने मान खाली घातली. "तुम्ही आणि साहेब. दुसरं कोण राहणार?"

धुराड्यातून धूर निघत होता. आमटीचा वास फाटकापर्यंत आला. चिंच थोडी जास्त पडली होती. रंगूबाईंच्या हातून नेहमी पडायची तशीच.

आतून खंडेरावांचं हसणं ऐकू आलं. मोकळं, पोटातून आलेलं. ते शेवटचं कधी ऐकलं, हे रंगूबाईंना आठवेना. रडूच आलं त्यांना. डोळे पुसून त्यांनी दारावर थाप मारली.

दार खंडेरावांनीच उघडलं. हाताला भात लागलेला होता.

"कोण हवंय?"

"अहो, असं काय करता? मी..."

"घर बघायला आलात का? हे द्यायचं नाही. आम्ही राहतो इथे."

आत बांगड्या वाजल्या. "कोण आहे हो?"

तो आवाज रंगूबाईंचा होता.

"कुणी बाई आहेत," खंडेराव मागे वळून म्हणाले.

"उन्हाच्या आल्या असतील. तशा नका घालवू. कुंकू लावते."

ती बाहेर आली. तोच चेहरा, हनुवटीवर तेच गोंदण. फक्त अंगावर तेज होतं, सुखात नांदणाऱ्या बाईचं असतं तसं.

रंगूबाईंना ओरडायचं होतं. झिंज्या धरायच्या होत्या. हात उचलवेना.

तिने करंड्यात बोट बुडवून त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट उबदार होतं. मग लांबून आलेल्या परक्या बाईची आपण करतो, तशी तिने विचारपूस केली.

"कुठल्या तुम्ही? आणि मालक काय करतात?"

रंगूबाईंनी खंडेरावांकडे पाहिलं.

तेही उत्तराची वाट बघत उभे होते.