हंबीररावांचं वाकडं बोट

नॉर्वे नावाच्या बर्फाळ मुलखातून इवारसाहेब शिराळ्याच्या डोंगरात आले ते एका फुलासाठी. कंदिलाच्या आकाराचं, करंगळीएवढं फूल! ते वारणेच्या रानात, घोंगाण्या कड्यावरच मिळणार, अशी त्यांची खात्री होती. साल त्रेसष्ट, दसऱ्याच्या आधीचे दिवस. साहेबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि गावाला नॉर्वेचं.

"मी नेतो!" पेन्शनर हवालदार हंबीरराव चावडीत मिशी पिळत म्हणाले. "लढाईत दोन वर्सं इटलीत काढली. समद्या सायबांच्या खुणा पाठ हायती मला. जेवढा नेतो तेवढा परत आणीन, न्हाईतर ही मिशी उतरवीन!"

आणि मिशी तरी साधी होती का? दोन्ही टोकांवर दोन लिंबं उभी राहत. परगावचे लोक ती बघायला गाड्या जुंपून येत.

त्यांची कारभारीण रंगूबाई तेवढी म्हणाली, "आवं, घरात माझ्या खुणा कळत न्हाईत तुमाला!"

उजाडताच तिघं निघाले. पुढं मध काढणारा कृष्णात, मधे साहेब, मागं हवालदार. जळवा पोटभर रक्त प्याल्या. ओढ्यानं शिदोरी नेली. पुढं गव्यांचा कळप वाट अडवून बसलेला. त्यातला एक एवढा थोरला, की कृष्णातनं त्याला टेकाड समजून वळसा घातला! पण कुणी मागं फिरा म्हणालं नाही.

दुपारी कडा आला. मधे खोल घळ, घळीत धबधबा. कानाला तोंड लावून ओरडलं तरच ऐकू यावं, असा त्याचा गजर. पलीकडच्या कपारीत जायला घळीच्या डोक्यावरून हातभर रुंदीची वाट होती. साहेब एकटेच निघाले. पोचले. फूल पंचवीस पावलांवर डुलत होतं. साहेबांनी खुशीत पाइप पेटवला.

कृष्णातनं वर पाहिलं आणि हवालदारांच्या कानात ओरडला, "आग्या मोहळ!"

फुलाच्या वर कड्याला सात पोळी लोंबत होती. एकेक गाडीच्या चाकाएवढं. धूर पोचला तशी त्यांच्या अंगावरून लाट सळसळली.

हंबीररावांनी हात उंच केला, तळवा खाली धरून बोटं झपाझप हलवली. ये! मागं ये! साहेबांना वाटलं, पुढं जा म्हणतोय! त्यांनी मान डोलावली आणि पुढं सरकले. पुन्हा हात. साहेब आणखी पुढं!

मग हवालदारांनी पालथी मूठ तोंडावर मारत बोंब ठोकली. या खुणेला सगळं खोरं चुलीवरचं कालवण टाकून धावलं असतं. साहेबांना वाटली शाबासकी! त्यांनीही तोंडावर हात मारून उलट बोंब ठोकली, आणि वर अंगठा दाखवला.

"ठेंगा? मला?" हवालदार लालबुंद झाले.

"चला, हवालदार! त्येला मरायचंच हाय!"

"त्येला मी आणलाय रं!"

हंबीरराव जागचे हलले नाहीत. इटलीतला गोरा कॅप्टन त्यांना आठवला. त्यानं एकदा तळवा वर करून, एकच बोट वाकवून त्यांना बोलावलं होतं. कुत्र्याला बोलवावं तसं! हंबीरराव गेले नव्हते. त्यापायी पाठीवर ओझं घेऊन उन्हात चार तास पळावं लागलं, आणि त्याच दिवशी त्यांनी शपथ घेतली होती, की असं बोट कुणापुढं वाकवणार नाही.

पोळं फुटलं!

हवालदारांनी तळवा उलटा केला. बोट वाकवलं. एकदा. दोनदा! पाहुण्याला!

साहेब थबकले. वळले. धावले!

माश्याही धावल्या. कारवी तुडवत, घसरत, गडगडत तिघं ओढ्याच्या डोहात कोसळले आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून बसले. तासभर आभाळ दिसलं नाही.

दिवस मावळता ते चावडीत शिरले. रंगूबाईनं साहेबांचा भोपळा झालेला चेहरा न्याहाळला.

"जेवढा नेला तेवढा आणतो म्हनला हुता. ह्यो तर दीडपट आणलासा!"

मिशी मात्र वाचली. ओठ असा सुजला होता, की ती उतरायची सोडून चार बोटं वर चढली आणि डोळ्यांत जाऊ लागली!

साहेबांनी फुलासाठी आणलेला रिकामा डबा पुढं केला, कड्याकडं हात दाखवला आणि भुवया उंचावल्या. उद्या?

हंबीररावांनी त्यांच्या नाकासमोर अंगठा धरला.

साहेब आधी हरखले. मग अंगठा डावी-उजवीकडं हलताना त्यांना दिसला. मग हवालदारांचं तोंड दिसलं. चावडी खदाखदा हसत होती. साहेबांनी एकदा डोंगराकडं पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मग ते ओट्याच्या टोकाला जाऊन बसले आणि त्यांनी हवालदारांना बोलावलं. हात उंच. तळवा खाली.

या खुणेची हंबीररावांनी इटलीत दोन वर्षं वाट पाहिली होती. ते ताठ उठले आणि गेले.