पाटणचा मुक्काम

दिवाळी झाली की आटपाडीकडचे मेंढके कळप घेऊन कोकणाकडं निघत. चौऱ्याहत्तर साली हरिबाही निघाला. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याची बायको हरणाबाई घरी राहिली. पण वाटेवरच्या शिध्याची सोय तिनंच लावली. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून विट्यापर्यंत पुरेल तेवढंच बरोबर दिलं. कराडला ओळखीच्या घरी एसटीनं जोंधळे धाडले, तिथंच दळून घ्यायला. पुढं घाटाच्या तोंडाशी, हेळवाकला, हुलग्याचं पीठ, चटणी आणि मीठ.

मधला पाटणचा मुक्काम तिनं मुद्दाम वगळला. तिथं चंद्राबाईच्या रानात खतासाठी मेंढरं बसायची आणि शिधाही तिच्याच घरी उतरायचा. गेल्या साली परत आल्यावर हरिबा जेवता जेवता म्हणाला होता, चंद्राबाईच्या हातची आमटी लय चांगली. एवढंच. ते वर्षभर हरणाबाईला टोचत राहिलं होतं. उपाशी राहतो की तिच्या चुलीपाशी जाऊन बसतो, कळू दे एकदा, असं तिनं ठरवलं.

काही दिवसांनी धाकटा दीर ज्ञानू लंगडी मेंढरं घेऊन माघारी आला. पाय धुता धुता म्हणाला, "वैनी, पाटणला तुमी आलासा ते बरं झालं. शिधा न्हाई बघून दादा खवळलाच हुता."

हरणाबाई गाव सोडून कुठं गेलीच नव्हती. तिनं जपून विचारलं, स्वयंपाक कुणी केला?

"तुमीच की. दादाला एवढं हसताना मी कवा बघितलं न्हाई."

चंद्राबाईनंच ज्ञानूला असं बोलायला पढवलं, असं तिला वाटलं. सासूला शेजारच्या भामाबाईवर सोपवून तिनं पाटणची एसटी धरली.

चंद्राबाई सत्तरीची निघाली. दात गेलेले, पाठ वाकलेली. अंगणात शेंगा फोडत बसली होती. हरणाबाईच्या उरावरचा दगड उतरला. त्या दोघींची कधी गाठ पडली नव्हती, म्हणून ती आपलं नाव सांगायला लागली.

म्हातारीनं मान वर केली. "नाव काय सांगतीस? चार दिस माझ्याच चुलीवर रांधलंस की. काय इसरलीस का, परत आलीस ती?"

हरणाबाई भ्याली. पण भीतीच्याही वर काहीतरी चढत होतं. चार दिवस. आणि तो हसत होता.

हेळवाकला ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. ओढ्याकाठी मेंढरं बसलेली, पालापुढं धूर. कुत्रं गुरगुरत आडवं आलं. पिल्लू होतं तेव्हापासून तिनंच ते वाढवलं होतं.

हरिबा उठून आला. पटका सारखा करत अदबीनं म्हणाला, "कोन पायजे, बाई?"

"आवं, मी हरणा."

"आमच्या मालकिनीचंबी नाव हरणाच." तो पालाकडं वळला. "हरणे, पावनी आलीया. भाकरी दे."

पालाचं कापड हललं. एक हात बाहेर आला. भाकरीवर चटणी होती.

तिनं ती घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

हरिबा तिच्याकडं बघतच नव्हता. तो पालाकडं बघत होता. तसं त्यानं हरणाबाईकडं उभ्या जन्मात कधी बघितलं नव्हतं.

तिनं घास मोडला. भाकरी मऊ होती, पापुद्रा सुटलेला.

अशी तिला कधीच जमली नव्हती.