खांबावरचे हात

बोलोन्याहून फेराराला जाणारी सकाळची पॅसेंजर वेळेवर सुटली, याचंच सिन्योरा मालवेत्सींना कौतुक. "दिवस चांगला जाणार बघ," त्या म्हणाल्या आणि हातमोजे काढून त्यांनी मांडीवर नीट जोडून ठेवले. सकाळी फेरारा, जेवण तिथेच, दुपारी रावेन्ना आणि संध्याकाळी घरी, असा बेत त्यांनीच आखला होता. होणाऱ्या सुनेला चार जुन्या जागा दाखवाव्यात, एवढाच हेतू. सून म्हणजे ओर्नेला समोर बसली होती, शेजारी लेआंद्रो, सिन्योरांचा एकुलता एक मुलगा. बाहेर बीटाची शेतं धुक्यात भिजत पडली होती.

ओर्नेला त्या शेतांकडे मुद्दाम बघत नव्हती. तिचा बाप तिथेच राहायचा. पहिल्याच जेवणाला सिन्योरांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?" आणि साखर कारखान्यात फावडं चालवून जन्म काढलेला, आता कोंबड्या पाळणारा बाप काही तिच्या जिभेवर येईना. "बाबा गेले," ती म्हणून बसली. सिन्योरांनी लगेच तिचा हात हातात घेतला. मग तो शब्द मागे कसा घ्यायचा? आणि दर रविवारी ती त्याच बापाला फोन करत होती. गेल्या रविवारी बोलता बोलता या सहलीचं तोंडून निसटलं.

सान पिएत्रोला गाडी थांबली आणि तिचा बाप, आर्तेमियो, डब्यात चढला.

लग्नातला तपकिरी कोट, हातात फडक्याने झाकलेली टोपली. कांद्याच्या ऑम्लेटचा वास त्याच्या आधी आत आला. "ओर्ने," तो तोंडभर हसला, "तू काही बोलावण्याचं नाव काढेनास. म्हटलं, आपणच जाऊन पाहुण्यांना भेटावं." टोपली धरलेल्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धंच होतं. अर्धं कारखान्याच्या पट्ट्यात गेलं होतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. ओर्नेलाला आपलाच आवाज ऐकू आला. "आपली काहीतरी गल्लत होतेय. मी ओळखत नाही आपल्याला."

आर्तेमियोने तिच्याकडे पाहिलं, मग त्या जोडून ठेवलेल्या हातमोज्यांकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. माणूस काही खुळा नव्हता. त्याने टोपी काढली. "माफ करा हं बाई. म्हाताऱ्याची नजर." आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसला.

"बिचारे," सिन्योरा हळूच म्हणाल्या.

"बिचारे असतील, पण वास काय मारतोय," लेआंद्रोने नाकाला रुमाल लावला. ओर्नेला हसली. आपण हसलो याची तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली, पण हसू तर येऊन गेलं होतं.

फेरारात आर्तेमियो त्यांच्या मागून थोडं अंतर राखून चालत राहिला. खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटाच बसला. सूप आल्यावर त्याने त्यात अर्धा पेला तांबडी वाईन ओतली आणि वाडगा तोंडाला लावून सुर्रकन प्यायला. ओर्नेलाच्या गावात सगळी म्हातारी माणसं असंच सूप पितात. लहानपणी तीही त्याच्या वाडग्यातून प्यायची.

"अजून आहेत वाटतं अशी माणसं," लेआंद्रो कुजबुजला.

"गावाकडची असतील," ओर्नेला म्हणाली.

आर्तेमियोने वेटरला पाव मागितला. वेटर जवळून निघून गेला. त्याने पुन्हा हाक मारली. वेटरने शेजारचं टेबल पुसलं आणि पुसता पुसता त्याच्यासमोरचा वाडगाही उचलून नेला, कोणी बसलेलंच नसावं तसा. गर्दी आहे, ओर्नेलाने मनाशी म्हटलं.

जेवणानंतर वाटेतल्या चर्चमध्ये सिन्योरा थबकल्या. "तुझ्या वडिलांच्या नावाने एक मेणबत्ती लावू या."

"नको, सिन्योरा."

"नको काय? आता ते आमचेही कोणीतरी लागतात. नाव काय होतं त्यांचं?"

आर्तेमियो शेवटच्या बाकामागे टोपी हातात धरून उभा होता. अजूनही सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या घशापर्यंत आलं आणि सिन्योरांच्या डोळ्यांतली माया बघून तिथेच मेलं.

"आर्तेमियो," ती म्हणाली.

सिन्योरांनी वात पेटवली आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. हे प्रभू, आर्तेमियोला चिरविश्रांती दे. "आमेन," तिघं म्हणाली. आणि मागून, जरा उशिराने, चौथा आवाज आला. "आमेन." जन्मभराची सवय. प्रार्थना कुणाची, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं असावं.

रावेन्नाच्या गाडीत तिकीट तपासनीस आला. आर्तेमियोने तिकीट पुढे केलं. तपासनीस त्याला ओलांडून पुढच्या माणसाकडे गेला. आर्तेमियोचा हात बराच वेळ तसाच राहिला, मग त्याने तिकीट खिशात घातलं. एका बाईने त्याच्या सीटवर पिशवी टेकवायला घेतली, तेव्हा तो मुकाट्याने उठून दाराशी उभा राहिला. कांद्याचा वास आता येत नव्हता.

रावेन्नाच्या त्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर रंगीत खड्यांत जडवलेलं राजवाड्याचं चित्र होतं. पांढरे खांब, खांबांच्या मधे पडदे. "इथे पूर्वी राजाची माणसं उभी होती," सिन्योरा म्हणाल्या. "मागून आलेल्यांना ती नकोशी झाली. खडे उपटून काढले आणि जागी हे पडदे बसवले. पण खांब नीट बघ."

खांबांवर हात होते. एक पंजा, मनगट, थोडीशी बाही. पुढे माणूस नाही, पडदाच.

"हात का ठेवले?" ओर्नेलाने विचारलं.

"आळस, दुसरं काय," लेआंद्रो म्हणाला.

तिला भडभडून आलं. "सिन्योरा, मी खोटं बोलले. माझे बाबा जिवंत आहेत. सकाळपासून आपल्या मागे आहेत. ते बघा, दाराशी."

दाराशी कोणी नव्हतं.

"कोण, बाळ?"

"गाडीतला म्हातारा. टोपलीवाला. लेआंद्रो, तूच म्हणालास ना, वास मारतोय?"

लेआंद्रोने आईकडे पाहिलं. "कसला वास?"

ती बाहेर धावली. चौकात शोधलं, स्टेशनभर शोधलं. मग बापाच्या घरी फोन लावला. लहानपणापासून पाठ असलेला नंबर. असा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने शांतपणे सांगितलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

परतीच्या गाडीत दिवे लागले होते. सिन्योरा तिच्या गुडघ्यावरून हात फिरवत होत्या. "चुकलंच माझं. जुनं दुःख उकरायला नको होतं."

"ते जिवंत होते."

"हो, बाळ."

लेआंद्रोने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि लगेच काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. वाटलं, कोणाचा तरी हात आहे आधीच." तो कसनुसा हसला आणि त्याने तळवा पँटला पुसला.

ओर्नेलाने खिडकीच्या काचेत पाहिलं. तिघं दिसत होती.

तिच्या खांद्यावर एक पंजा होता. करंगळीजवळचं बोट अर्धं. मनगटाशी तपकिरी बाहीची कड, आणि पुढे गाडीचा पडदा.

लहानपणी काही फोडलं आणि कबूल करायचं धाडस झालं नाही, की बाबा खांद्यावर दोनदा थोपटायचे. हाताने दोनदा थोपटलं, आणि मग तो तिथेच राहिला.