पत्र्याखालची सावली

तुम्ही विचारताय म्हणून सांगते, नाहीतर शशिकांतचं नाव मी दुपारी घेत नाही.

सत्त्याण्णवचा हिवाळा होता. उपग्रहाने वरून घेतलेल्या चित्रांत गरीब वस्त्या शोधायच्या आणि नकाशावर लाल रंगवायच्या, हे आमचं काम. पत्र्यांची दाटी दिसली, मध्ये झाड नाही, रस्ता नाही, की समजायचं इथे गरिबी आहे. मग प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची. लाल झालेल्या वस्तीला सरकारदरबारी नाव मिळे, नळ मिळे. उरलेले वाऱ्यावर.

मांजर्लीच्या पुढे नदीकाठी अशी एक दाटी चित्रात दिसत होती. भर दुपारी मी आणि माझा सहकारी शशिकांत तिथे पोचलो, तर काठ मोकळा. सुकलेला गाळ, बाभळी आणि एकच झोपडी. दारात कौसाबाई नावाची म्हातारी बसली होती. आम्हाला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"आता आलात?" ती म्हणाली. "पावसाळ्यात समदी वस्ती वाहून गेली. सायेब म्हनला, कागदावर वस्तीच न्हाई, मग वाहिलं काय? माझी सून, नातवंडं… ती बी नव्हतीच का?"

"आजी, पण हे चित्र पावसाळ्यानंतरचं आहे," मी म्हणाले. "यात घरं दिसतायत."

"दिसनारच. हितंच हायेत की. कुठं जातील?"

शशिकांत असा हसला की त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. "मॅडम, रिकामी जागा लिहा आणि चला. इथे कायच नाय."

मी काठाकडे चार पावलं गेले आणि ऊन गेलं. आभाळ निरभ्र, शशिकांतच्या टकलावर ऊन चमकतंय, आणि माझ्या अंगावर गार सावली. रॉकेलचा वास आला, ओल्या गोणपाटाचा आला. मग डोक्यावर तडतड झाली. उन्हाने पत्रा तापला की तडतडतो, तशी. मी वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

"मॅडम?" शशिकांत माझ्याकडेच तोंड करून ओरडत होता. "कुठे गेलात?"

"इथेच आहे…" मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही.

कौसाबाईला मात्र मी दिसत होते. "सुनेच्या चुलीवर पाय दिलायस," ती म्हणाली. "पत्र्याखालचं मानूस कुनाला दिसत न्हाई, बाई. लाल कर… मंग जा."

माझ्या पाठीशी कोणीतरी श्वास घेत होतं. एक नव्हे, पुष्कळजण, अगदी खेटून. हातातल्या नकाशावर तो तुकडा कसाबसा लाल केला, तेव्हा अंगावर ऊन परत आलं.

अंबरनाथच्या ऑफिसात नकाशावर शेवटची सही शशिकांतची असे; त्याने तो लाल रंग खोडला. "रिकाम्या जागेला नळ? लोक तोंडात शेण घालतील." मी भांडले, मग अक्षरशः हातापाया पडले. "तुम्हाला ऊन लागलं होतं," म्हणाला, आणि 'वस्ती नाही' लिहून सही ठोकली.

पुढच्या हिवाळ्यात नवं चित्र आलं. नदीकाठ मोकळा होता. ती दाटी आता अंबरनाथला होती, बरोबर आमच्या ऑफिसवर.

शशिकांतला दाखवायला मान वळवली, तर खुर्ची रिकामी. टेबलावर डबा उघडा, भाजी गरम. संध्याकाळी त्याची बायको, सरस्वतीवहिनी, शोधत आल्या. ती माउली रडत होती; मी तो डबा झाकून तिच्या हातात दिला. तो अजून सापडलेला नाही.

आमच्या ऑफिसला सिमेंटचा स्लॅब आहे. तरी दुपारी त्या खुर्चीवर पत्रा तडतडतो. कोणी त्याचं नाव घेतलं तर तिथून बारीक आवाज येतो, "मॅडम, इथेच आहे…"

परवा मी आमचं ऑफिस नकाशावर लाल केलं. नव्या साहेबांनी हसून ते खोडलं.