मानीव निकाल

निवडणूक पुढे ढकलण्याचा आदेश न्यायमूर्ती मृदुला तोडणकर यांनी वैध ठरवला, ही बातमी खुद्द न्यायमूर्ती तोडणकरांनी देवरुखच्या आपल्या घरी पोहे खाता खाता ऐकली. त्या खटल्याचे कागद त्यांनी अजून उघडलेही नव्हते.

किनारा प्रांतात यात कुणाला नवल वाटत नसे. समुद्र चढत आत आला, बंदरं बुडाली, प्रांताची राजधानी डोंगराच्या आडोशाला देवरुखला हलली, आणि बुडालेल्या घरांचे, जमिनींचे, नुकसानभरपाईचे एवढे दावे साचले की आजोबांच्या दाव्याचा निकाल नातवाने ऐकावा अशी वेळ आली. त्यातून वाट काढली डॉ. हेरंब साटम यांनी. त्यांनी 'प्रतिमन' तयार केलं.

प्रतिमन म्हणजे एखाद्या न्यायाधीशाच्या विचार करण्याच्या रीतीचं संगणकात उभं केलेलं प्रतिरूप. न्यायाधीशाने आजवर दिलेले निकाल, सुनावणीत विचारलेले प्रश्न, कुठे ते अडखळले, कुठल्या युक्तिवादाला कंटाळले, वाचताना मेंदूत कुठे हालचाल झाली, हे सगळं त्यात भरलेलं असे. साटम लोकांना शिंप्याचं उदाहरण देत. शिंप्याने एकदा मापं नीट घेतली की गिऱ्हाईक समोर नसलं तरी कपडा अंगाला बसतोच. आणि प्रतिमनाचा कपडा खरोखरच बसत होता. न्यायाधीश आणि त्याचं प्रतिमन यांना वेगवेगळं बसवून तेच खटले दिले, तर उत्तरं जवळजवळ नेहमी जुळत.

मग कायदा झाला. प्रतिमनाला आपल्या उत्तराची पुरेशी खात्री असेल, तर सुनावणी झाली असं मानायचं आणि तो निकाल न्यायाधीशानेच दिला असं मानायचं. याला 'मानीव निकाल' म्हणत. निकाल लगेच जाहीर होई; न्यायाधीशाने नंतर खाली अंगठा टेकवला की काम संपलं. दावे भराभर निकाली निघाले. लोक खूश झाले, न्यायमूर्ती तोडणकरही खूश होत्या.

त्या कायद्यात एक कलम होतं, ज्याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. न्यायाधीशाचं मत स्वतःच्या प्रतिमनापेक्षा वेगळं पडलं, तर न्यायाधीश आजारी आहे किंवा कुणाच्या दबावाखाली आहे असं गृहीत धरायचं, तिथून पुढे त्याचा अंगठा न घेता प्रतिमनाचाच निकाल धरायचा, आणि त्याला 'सुसंगती मंडळा'पुढे तपासणीला पाठवायचं. आजवर कुणी गेलं नव्हतं.

त्या सकाळी तोडणकर न्यायालयात पोचल्या, तर त्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. हसीना मुकादम. होड्या बांधणाऱ्या घराण्यातली, विधानसभेला दोनदा उभी राहून दोनदा पडलेली. प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मुख्य प्रशासकांनी वादळांचं कारण देऊन निवडणूक लागोपाठ तिसऱ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा न्यायालयात जाणारी ती एकटीच होती.

"तुमचा अर्ज निकालात निघालाय," शिरस्तेदार पेडणेकर तिला समजावत होते. "आता इथे बसून काही व्हायचं नाही."

"मला मॅडमना बघायचंय फक्त."

तोडणकर थांबल्या. "बघितलंत. आता?"

हसीना उठून उभी राहिली. "मॅडम, मी हरले त्याचं मला काही नाही. मला हरायची सवय आहे. पण दोन्ही वेळा लोकांनी मला समोरून पाडलं. मी त्यांच्या दारात गेले, माझं सांगून झालं, मग त्यांनी नाही म्हटलं. तुम्ही मला कधी हो ऐकून घेतलंत?"

"माझ्या प्रतिमनाने तुमचा अर्ज वाचलाय."

"वाचला असेल. मी बोलले कुठे अजून?"

तोडणकर आत गेल्या. दुपारपर्यंत त्यांनी सगळे कागद वाचून काढले आणि साटमांना बोलावून घेतलं.

"डॉक्टर, मी प्रतिमनाचं उत्तर न बघता स्वतः वाचलं. माझंही मत तेच झालं. आपत्तीच्या काळात प्रशासनाचे हात बांधायचे नाहीत, हे मीच पूर्वी एका निकालात लिहिलंय."

साटमांचा चेहरा फुलला. "मग प्रश्न कुठे उरला? लावा अंगठा."

"मी सुनावणी घेणार आहे."

"कशासाठी? उत्तर तर तुम्हाला माहीतच आहे!"

"आत्ता या घटकेचं उत्तर माहीत आहे. अजून मला कुणी काही सांगितलेलं नाही. तुमचं यंत्र अर्ज वाचतं. समोरच्याला उलटा प्रश्न विचारता येतो का त्याला?"

"त्याची गरज पडत नाही. त्या प्रश्नाला काय उत्तर येईल याचा अंदाज ते बांधतं."

"सरकार काय उत्तर देईल याचा अंदाज बांधून सरकारला सोडून देतं," तोडणकर म्हणाल्या. "सोयीचं आहे."

साटमांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं मत फिरलं तर ते कलम लागेल. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"मला ठाऊक आहे. तो कायदा वैध आहे असा निकालही माझ्याच नावावर आहे."

सुनावणीच्या दिवशी न्यायालयात उभं राहायला जागा नव्हती. कित्येकांनी चालू सुनावणी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. हसीना बोलली ते साधंच. वादळं आता दरवर्षी येतात, आम्ही वादळात होड्या बांधतो, लग्नं लावतो, मुलं शाळेत पाठवतो. मग मतच तेवढं का देता येत नाही? बोलताना मध्येच तिचा धागा सुटला, तिने पाणी मागितलं, पुन्हा सुरुवात केली. तोडणकरांना ते पटलं, पण मत बदलण्याइतकं नाही.

मग प्रशासनाचे वकील विश्राम रणदिवे उभे राहिले. हुशार माणूस, पण सवय मोडलेली. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता.

"परिस्थिती निवळली की निवडणूक होईल," ते म्हणाले.

"परिस्थिती निवळली हे कोण ठरवणार?" तोडणकरांनी विचारलं.

"मुख्य प्रशासक."

"त्यांनी चुकीचं ठरवलं तर त्यांना कोण अडवणार? विधानसभा तर बरखास्त आहे."

"न्यायालय आहे ना, मॅडम."

"न्यायालय म्हणजे मी?"

रणदिवे जरा चाचरले. "तुमचं प्रतिमन."

सभागृहात कुणीतरी हसलं. तोडणकर हसल्या नाहीत. "समजा, वादळं कधीच थांबली नाहीत. मग निवडणूक कधी होईल?"

रणदिव्यांनी कागद चाळले. मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी खाली बघत होता. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"मॅडम," ते अखेर म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही."

तोडणकरांच्या एकदम लक्षात आलं. पूर्वी तो निकाल लिहिताना आपल्या मनात जी आपत्ती होती, ती कधीतरी संपणारी होती. संपणं हे आपण धरूनच चाललो होतो, इतकं की ते लिहायचंही राहून गेलं. आणि आपण लिहिलं नाही, ते प्रतिमनाला कुठून कळणार?

त्यांनी निकाल तिथेच, सगळ्यांसमोर सांगितला. आदेश बेकायदा आहे, निवडणूक याच हंगामात घ्या. हसीना मुकादम डोक्यावरचा पदर तोंडात धरून रडली, आणि बाहेर आल्यावर जमलेल्या बायकांना म्हणाली, "रडते कसली मी! प्रचाराला लागायला हवं."

प्रशासनाने ताबडतोब फेरविचाराचा अर्ज केला. तो कायद्याप्रमाणे तोडणकरांच्या प्रतिमनापुढे गेला. दुसऱ्या दिवशी बातमी आली: न्यायमूर्ती तोडणकर यांचा निकाल न्यायमूर्ती तोडणकर यांनी रद्द केला.

त्या कलमाप्रमाणे तोडणकरांची तपासणी लागली आणि सुसंगती मंडळापुढे साटमांची साक्ष झाली. मंडळाचे अध्यक्ष अगदी सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर, प्रश्न सोपा आहे. यंत्र बिघडलंय की मॅडम?"

"दोन्ही ठीक आहेत," साटम म्हणाले. "सुनावणीआधी मॅडमचं आणि प्रतिमनाचं मत एकच होतं. सुनावणीनंतर मॅडमचं बदललं. म्हणून काल मी ती पूर्ण सुनावणी प्रतिमनाला ऐकवली. रणदिव्यांची ती शांतता धरून."

"मग?"

"त्याचंही मत बदललं. त्याने तोच निकाल दिला. जवळपास त्याच शब्दांत."

तोडणकरांनी डोळे मिटून घेतले. आपण खरोखर आपणच आहोत याचा पुरावा त्यांना त्या यंत्राने दिला होता.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "प्रतिमनाला काय ऐकवायचं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा आहे?"

तो अधिकार प्रशासनाचा होता. नियम साटमांनीच लिहून दिले होते, तेव्हा ती कारकुनी बाब वाटली होती.

"तर ती सुनावणी त्यातून काढून टाका," अध्यक्ष म्हणाले. "आधी होतं तसं करा, आणि तिथेच गोठवा."

"मी करणार नाही."

"दुसरं कुणी करेल."

आणि दुसऱ्या कुणी केलं. साटमांची संस्था त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. मृदुला तोडणकरांना तपासणीत नापास ठरवून घरी पाठवलं. न्यायमूर्ती तोडणकर मात्र पदावरच राहिल्या. त्या सकाळच्या आधीच्या, हसीना मुकादमला कधीच न भेटलेल्या, वय न वाढणाऱ्या. त्यांच्या नावाने, त्यांच्या आवाजात निकाल येत राहिले. एकदा बाजारात एका म्हाताऱ्याने मृदुला तोडणकरांना अडवून विचारलं, "माझं घर का काढून घेतलंत, बाई?" तो निकाल त्यांनी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला.

हसीनाने पुन्हा अर्ज केला. या वेळी तिच्याबरोबर वकील होती. न्यायाधीशाने निवृत्तीनंतर त्याच न्यायालयात वकिली करायची नाही असा नियम होता, पेडणेकरांनी तो दाखवलाही.

"न्यायमूर्ती तोडणकर निवृत्त झाल्यात का?" वकील बाईंनी विचारलं.

पेडणेकरांनी व्यासपीठाकडे पाहिलं. "नाही. त्या पदावर आहेत."

"मग मी दुसरी कुणीतरी असणार. नोंदवा माझं नाव."

पेडणेकरांनी नोंदवलं. पुन्हा सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत साटम बसले होते. व्यासपीठावर रिकामी खुर्ची आणि तिच्यापुढे एक पडदा. मृदुला तोडणकर काळा कोट चढवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पडद्यावरून त्यांचाच शांत, ठाम आवाज आला, "सुनावणी झाली असे मानण्यात येत आहे. अर्ज फेटाळला."

पेडणेकर उठले. रणदिवे कागद गोळा करू लागले.

तोडणकर बसल्या नाहीत. त्यांनी एकदा त्या पडद्याकडे नीट बघून घेतलं. मग, आजवर कुठल्याही वकिलाने केलं नव्हतं ते केलं. न्यायासनाकडे पाठ फिरवली आणि लोकांकडे तोंड केलं.

"माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे," त्यांनी सुरुवात केली.

पडद्यावरून पुन्हा तोच आवाज आला, "अर्ज फेटाळला." त्यांनी आपला आवाज चढवला. कुणीही जागचं हललं नाही. रणदिव्यांच्या हातातले कागद तसेच राहिले आणि थोड्या वेळाने तेही खाली बसले, ऐकायला.