मधला चौकोन

"कोण टोचतंय?"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शिवप्पानं जीप कडेलाच घेतली. लोहाऱ्याहून सास्तूरला निघालेली जीप, हुडहुडी भरवणारी थंडी, आणि माणसं अशी कोंबलेली की श्वास घ्यायचा तरी शेजारच्याला विचारून घ्यावा. त्यात माझ्या कमरेत काहीतरी टोकदार घुसत होतं. शेजारी एक तरुण बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कुंकवाचं बोट, मांडीवर कापडी पिशवी. तो कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा... पिशवीत कात्री आहे."

"कात्री? केस कापता व्हय?"

"नाही... दोरे कापतो."

"कसले दोरे?"

सगळ्या जीपचे कान आमच्याकडं लागले होते. तो इतका हळू बोलला की मला वाकावं लागलं. "उतरल्यावर सांगतो. इथं नको."

आता एवढं ऐकल्यावर कोणती पोरगी गुमान घरी जाईल? मी तरी न्हाय गेले.

तिठ्यावरच्या लिंबाखाली त्यानं पिशवीतनं जेवणाचा स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं, तर आत भाकरी नव्हती. पांढरंशुभ्र कापड होतं, त्यावर पांढऱ्याच दोऱ्याची नक्षी. मधेमधे कापडाचे धागे कापून काढलेले आणि उरलेल्या धाग्यांना सुईनं गुंफून नाजूक जाळी केलेली. मी हात लावायला गेले, त्यानं डबा मागं ओढला.

"आधी हात पुसा."

"आमचे हात स्वच्छच असतात!" असं म्हणत मी ओढणीला हात पुसले.

"याला हार्डांगर म्हणतात. लांबच्या थंड मुलखातलं भरतकाम आहे. माझी शामलाआत्या तुळजापुरात शिवण शिकवायची. लहानपणी मला कावीळ झाली, अंथरुणातून उठायचं नाही म्हणून तिनं हातात सुई दिली. ती काही सुटली नाही."

"मग डब्यात कशाला लपवता?"

"तलाठ्याच्या पिशवीत भरतकाम सापडलं तर गाव काय म्हणेल?"

अगं बाई! आमच्या गावाला नवा तलाठी आलाय एवढं ऐकून होते. ज्याच्यासाठी आमचे आण्णा खुर्ची पुसून ठेवायचे, तो गुरुप्रसाद साहेब हा! मला असं हसू फुटलं की लिंबावरचे कावळे उडाले. तो आधी गोरामोरा झाला आणि मग स्वतःच हसायला लागला. हसताना त्याचे डोळे बारीक होतात. ते मला तेव्हाच आवडले, खोटं कशाला बोलू.

माझं नाव दैवशाला. पणजीचं नाव, आण्णांनी माझ्या गळ्यात बांधलं. बी.कॉम. झालं होतं, लोहाऱ्याला टायपिंगचा क्लास चालू होता आणि उरल्या वेळात मी वाकळा शिवायचे. मैत्रिणी मोबाईलमधी डोकं घालून बसायच्या, मी जुन्या लुगड्यांच्या ढिगात. कुणाच्या पदराचा जांभळा, कुणाच्या धोतराचा पांढरा, कुठल्या तरी फ्रॉकचा पोपटी... ते तुकडे शेजारी शेजारी मांडायला लागले की मला जेवणाची शुद्ध राहायची न्हाय.

पुढच्या खेपेला मी अर्धी शिवलेली वाकळ पिशवीत कोंबून नेली. लिंबाखाली त्यानं ती मांडीवर घेतली आणि टाक्यांवरनं बोट फिरवत राहिला.

"सुरुवात कुठून करता?"

"कडेनं. कड धरायची, गोल गोल फिरत आत यायचं. मधला भाग सगळ्यात शेवटी."

"आमचं उलटं. कापडाचा मध्य काढायचा आणि धागे मोजत मोजत बाहेर यायचं."

"म्हणजे तुमी बाहेर येणार, मी आत येणार..." मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"कुठंतरी गाठ पडेल की मग," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी गेले तर आईनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ का दोनदा घातलंस म्हणून.

मग आमचं ठरलं. माझ्या वाकळंचा मधला चौकोन मोकळा ठेवायचा आणि तिथं त्याचं पांढरं काम बसवायचं. तो करेल तेवढं डब्यात घालून मला द्यायचा, मी घरी नेऊन माप बघायचे आणि परत द्यायचे. शिवप्पाच्या डोळ्यातनं काय सुटतंय होय?

"काय दैवशालाबाई, साहेबांचा डबा आजकाल तुमच्याकडनं येतोय. भाजी काय दिलीया?"

"कारलं!" मी म्हणायचे. साहेब खिडकीकडं तोंड करून हसायचे.

एकदा जीपला गर्दी नव्हती. बाहेर तुरी काढून झालेली रानं, आत कोवळं ऊन. त्यानं कापड माझ्या मांडीवर पसरलं आणि ती टोचरी कात्री माझ्या हातात दिली.

"काप."

"मी? आणि चुकलं तर? सगळं उसवंल की!"

"नाही उसवणार. चारी बाजूंनी घट्ट टाके घातलेत. आधी बांधून घ्यायचं, मगच कापायचं. बांधलेलं असलं की भ्यायचं कारण नाही."

मी जीव मुठीत धरून कापलं. काही म्हणता काही उसवलं न्हाय. त्याचा हात माझ्या हाताखाली होता, तो त्यानं काढला न्हाय आणि मीही हलले न्हाय.

"दैवशाला... ही वाकळ पुरी झाल्यावर कुणाच्या घरी जाणार?"

"ज्याचा मधला चौकोन, त्याच्या घरी."

त्याचं बोट माझ्या बोटावर जरा दाबलं गेलं. एवढंच. पण सास्तूर आलं तरी मी उतरायची विसरले.

तो तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला, आम्ही मेंढरं आणि शेतीवाले. हे काय आम्हाला कळत नव्हतं? कळत होतं. तो म्हणायचा, "आईशी बोलतो. जरा वेळ बघून बोलतो." मला वाटायचं, बोलेल. धागे मोजणारा माणूस, मोजून मापून बोलेल.

त्याचा चौकोन पुरा होऊन माझ्याकडं आला त्याच आठवड्यात तेरखेड्याचं स्थळ आलं. मुलगा कुलदीप, फटाक्याच्या कारखान्यात सुपरवायझर. मी धावत पळत तिठ्यावर जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काळजी करू नकोस. मी आहे ना."

आणि होताच की तो! पाहुणे यायचे म्हणजे गावातली चार वजनदार माणसं बैठकीला बसवायची रीत. आण्णांनी हौसेनं तलाठी साहेबांनाच आमंत्रण दिलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर तो भिंतीकडच्या खुर्चीत. वाटलं, आज हा बोलतोय.

तेवढ्यात माझी नजर टीपॉयवर गेली. आमच्या आईला माझ्या पेटीत तो पांढरा चौकोन सापडला होता. तिला वाटलं, लेकीनंच केलाय. तिनं तो धुऊन, इस्त्री करून पाहुण्यांच्या पुढ्यात अंथरला होता. त्यावर चहाचे कप.

मुलाच्या आईनं कप उचलला आणि खाली बघतच राहिली. "अगं बया, हे कुणी केलं?"

"आमच्या दैवशालानं की!" आई फुशारून म्हणाली.

मी म्हणाले, "आई, ते माझं न्हाय."

आईनं डोळे वटारले. मुलाच्या आईनं विचारलं, "मग कुणाचं गं?"

मी त्याच्याकडं बघितलं. सरळ बघितलं, चोरून न्हाय. एक शब्द पुरे होता. माझं आहे, एवढं म्हणाला असता तर पुढचं सगळं मी बोलले असते. आण्णांच्या पुढं, पाहुण्यांच्या पुढं, अख्ख्या सास्तूरच्या पुढं. त्याच्या हातात पोह्याची बशी होती. त्यानं आपल्या कामाकडं बघितलं, मग शेजारी बसलेल्या माणसांकडं बघितलं. कान लाल झाले.

"असले रुमाल..." तो खाकरला. "सोलापूरच्या बाजारात मिळतात. मशीनचे असतात."

मशीनचे!

मुलाच्या आईनं कप बाजूला केले, कापड उलटं करून पाठ बघितली. "मशीनचं न्हाय हे, हाताचं काम आहे. पोरगी लाजती. असू दे, गुणाची आहे." आणि तिथंच तिनं मला पसंत करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली तो माझ्या आधीच येऊन उभा होता.

"तोंडून निघालं गं. एवढी माणसं... उद्या सगळं गाव हसलं असतं. तलाठी बायकांसारखं शिवत बसतो म्हणाले असते."

"म्हणू द्या की! मला वाकळवाली म्हणतात. मेले का मी?"

"मला थोडा वेळ दे."

"दिला होता," मी म्हणाले. "पोहे संपेपर्यंत दिला होता."

मी रडले न्हाय तिथं. घरी येऊन आण्णांना म्हणाले, स्थळ मला पसंत आहे. रागाच्या भरात माणूस किती सरळ आवाजात बोलतो! आण्णांना शंकासुद्धा आली न्हाय. टायपिंगचा क्लास सुटला, जीप सुटली. तो येईल, दारात उभा राहील, असं मला हळदीपर्यंत वाटत होतं. आला न्हाय.

लग्नाच्या दिवशी मात्र आला. बाकीचे आहेर घेऊन येतात तसाच, हातात पाकीट घेऊन.

आईनं मांडवात रुखवत मांडला होता. लाडू, करंज्या, लोकरीचे ससे, आणि मधोमध पलंगावर माझी वाकळ. मधला भाग ओका ओका दिसतो म्हणून तिनं त्यावर तो पांढरा चौकोन अंथरला होता. काय सांगू, इकडं तिकडं दोरासुद्धा जास्त न्हाय, असा बसला होता. तेरखेड्याच्या बायका भोवती गोळा होऊन माझं कौतुक करत होत्या. मी मुंडावळ्या बांधून पलीकडं पाटावर बसलेली.

तो पलंगापाशी येऊन थांबला. बराच वेळ बघत होता. आणि एकदम, मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे मी केलंय."

मग असा हशा पिकला!

"साहेब, आता सातबाराबी भरतकामातच काढून द्या!" कुणीतरी ओरडलं. आमचे आण्णा पोट धरून हसत होते.

तो हसला न्हाय. "खरं सांगतोय. मीच केलंय. इथून सुरू केलं." त्यानं बरोबर मधोमध बोट ठेवलं. लोक आणखीच हसले. मुलीकडचा माणूस मस्करी करतोय, आणखी काय!

सासूबाई तेवढ्या हसल्या न्हाईत. त्या माझ्यापाशी आल्या. "काय गं, साहेब म्हणतात ते खरं हाय?"

किती वाट बघितली होती मी या शब्दांची! आणि आले कधी, तर अंगाला हळद लागल्यावर.

"व्हय," मी म्हणाले. "त्यांचंच आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. बाई शहाणी. तिनं पांढऱ्या कापडाची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"मग हे रुखवतात कशाला? ज्याचं त्याच्यापाशी असावं."

त्यानं घेतलं. माझ्याकडं एकदा बघितलं. डोळे बारीक झाले होते, पण हसण्यानं न्हाय. मग भटजींनी हाक मारली आणि मला उठावं लागलं.

कुलदीप चांगले आहेत. वाईट म्हणायला जागा न्हाय, हेच कधीकधी वाईट वाटतं. वाकळंच्या मधल्या भागात मी माझ्या हळदीच्या साडीचा तुकडा लावला. ऊब छान येते म्हणतात ते.

पंचमीला माहेरी निघाले, तर लोहाऱ्यात शिवप्पाचीच जीप लागली होती. त्यानं मला पुढं बसवलं आणि विचारायच्या आधीच सांगत सुटला.

"आपल्या साहेबांचं कळलं का? आता जीपमधी बसून उघड शिवत्यात! डबा न्हाय, काय न्हाय. मागच्या बायका विचारतात, साहेब, हा टाका कसा घालायचा? आन् ते शिकवतात. सास्तूरच्या पोरी तर कापडं घेऊन कचेरीत जातात."

"लोक हसत न्हाईत?"

"हसले की! लई हसले."

"किती दिवस?"

शिवप्पानं गिअर टाकला. "असतील चार दिवस. मग इसरले. लोकांना काय तेवढंच काम हाय का?"

चार दिवस! एवढ्यालाच भ्याला होता तो. अरे, मी आयुष्यभर तुझ्याशेजारी बसून लोकांचं हसू झेललं असतं रे...

तिठ्यावरचं लिंबाचं झाड आलं. शिवप्पानं सवयीनं जीप हळू केली. मी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाले, "थांबू नका शिवप्पाकाका. पुढं चला."