रविवारी वाढणारी धडधड

सपना एकाच विषयाशी दोनदा कुस्ती खेळली आणि दोन्ही वेळा तीच आडवी झाली. विषय होता औषधशास्त्र. कोणत्या गोळीने काय बिघडतं, कशासोबत काय घ्यायचं नाही, सगळी नुसती भेळ व्हायची डोक्यात. बापाने, रामकिसनने, सांगून टाकलं होतं, "या टायमाले गेली तं फार्मसी बंद. गावाले, अनसिंगले घरी बस." म्हणून कॉलेज सुटलं की वाशीमच्या बसस्टँडजवळ जगदेवकाकांच्या मेडिकलमध्ये ती हाताखाली काम करायची, आणि काउंटरमागे पुस्तक उघडं ठेवून घोकत बसायची.

एका दुपारी कोर्टातला कारकून उत्कर्ष आला, आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला.

"आईले कोरडा खोकला हाय काय?" चिठ्ठी वाचून सपनाने विचारलं.

तो चाट पडला. "तुमाले कसं समजलं?"

"या गोळीनं येते कधी कधी. मनानं बंद नोका करू, डॉक्टरले सांगा."

डॉक्टरांनी गोळी बदलली, त्याच्या आईचा, लिलाबाईंचा, खोकला गेला. उत्कर्ष मात्र पुन्हा हजर. "तोंडाले लोखंडावानी चव येऊन राह्यली."

"मेट्रोनिडाझोल? अहो, त्याच्यावर दारू बिलकुल नाही चालत—"

"मी कोनतीच गोळी घेतली नाही," तो हळूच म्हणाला. "तुमचं पुस्तक दिसलं होतं... म्हटलं, परीक्षेत असंच इचारतीन. गोळ्यांच्या डब्यात घडीचा कागद राह्यते न, तो वाचून आलो."

मग काय, रोज नवं दुखणं. आज झापड येते, उद्या ऊन सोसत नाही. एकदा तर भर गिऱ्हाइकांत त्याने लघवी केशरी होते म्हणून सांगितलं, तशा शेजारच्या पंचफुलाकाकू दोन पावलं सरकल्या.

"रिफाम्पिसिन, टीबीची गोळी," सपना हसू दाबत पुटपुटली.

"हे पोरगं जगते का नाही, भाऊ?" काकूंनी जगदेवकाकांना विचारलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा मात्र चेहरा उतरलेला. "छातीत धडधड होते... हात थरथरते. झोप नाही."

"सालब्युटामॉल. दम्याचं औषध. हे तं सोपं."

"कागदात नाही वाचलं हे. खरंच होऊन राह्यलं." तो काचेतल्या साबणांकडे बघत होता. "रविवारी लय वाढते."

"रविवारी काहून?"

"रविवारी दुकान बंद राह्यते न..."

सपनाचे कान तापले. तिने त्याच्या हातात उगाच ओआरएसचं पाकीट ठेवलं. त्यानेही ते नेलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमकं सालब्युटामॉलच विचारलं.

"छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं," सपना धडाधड सुटली, "आणि रविवारी वाढतं."

मॅडमनी चष्मा नाकावर उतरवला. "रविवारी? कोणत्या पुस्तकात?"

आता गेलं वर्ष पाण्यात, सपनाला वाटलं. पण खोटं बोलवेना. "पुस्तकात नाही, मॅडम. दोन पेशंटमध्ये दिसलं... त्यातली एक मीच आहे."

मॅडमनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

निकाल लागला त्या दिवशी उत्कर्ष कोर्ट सुटायच्या आतच दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"पास?"

"पास."

त्याने श्वास सोडला. मग जरा हिरमुसला. "आता मी कोनतं दुखणं घेऊन येऊ?"

"दुखणं नोका आणू." सपना पुस्तक पिशवीत घालत म्हणाली. "आईले घेऊन या... अनसिंगले, आमच्या घरी. रविवारी."